बधिर तळव्यांचा इतिहास : मधुमेह, वनौषधी आणि वर्ध्याची वाट

१/
वर्धा जिल्ह्याच्या देवळी तालुक्यात, पुलगावच्या शेजारी नाचणगाव आहे. भोवती काळी माती, कापूस आणि तूर. अशा गावातील पन्नाशी ओलांडलेल्या एखाद्या शेतकऱ्याची कल्पना करा. संध्याकाळी पाय धुताना त्याला दिसते की बाभळीचा काटा सकाळपासून तळव्यात रुतून बसला आहे. रक्त आले, वाळलेही, पण वेदना झालीच नाही. कित्येक वर्षांच्या मधुमेहाने तळव्याची संवेदना हिरावून घेतलेली असते. मग घरात प्रश्न निघतो : या बधिरपणावर झाडपाल्याचे काही औषध आहे का? हा प्रश्न सुमारे दोन हजार वर्षे जुना आहे. या धाग्यात त्याचाच इतिहास पाहू.

२/
आधी रोग समजून घेऊ. रक्तातील साखर दीर्घकाळ चढी राहिली की मज्जातंतूंना रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या आणि स्वतः तंतू, दोन्ही झिजतात. सर्वांत लांब तंतू प्रथम बळी पडतात. कंबरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारा तंतू जवळजवळ मीटरभर लांब असतो, म्हणून सुरुवात बोटांपासून होते. आधी मुंग्या, मग आग, मग बधिरता. आग होते तोवर माणूस तक्रार तरी करतो. बधिरता आली की तक्रार थांबते, आणि खरा धोका तेथूनच सुरू होतो. न कळलेली जखम चिघळते आणि काही वेळा पाय कापावा लागतो.

३/
चरकसंहितेच्या निदानस्थानात प्रमेहाची पूर्वलक्षणे सांगितली आहेत. तोंडाला गोडी येणे, घसा व टाळू कोरडे पडणे, तहान, आळस आणि शरीराकडे व मूत्राकडे मुंग्यांची रीघ लागणे, अशी ती यादी आहे. त्याच यादीत हातापायांची बधिरता आणि दाह यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. सुश्रुतानेही तळहात-तळपायांच्या दाहाची नोंद केली आहे. रक्तातील साखर मोजण्याचे साधन नाही, सूक्ष्मदर्शक नाही. केवळ रुग्णाचे ऐकून आणि त्याच्याकडे पाहून केलेले हे निरीक्षण आहे. आजच्या कोणत्याही डॉक्टरला ही यादी वाचताना आपल्याच रुग्णाची आठवण होईल.

४/
येथे एक सावधगिरी हवी. या ग्रंथकारांना मधुमेहात ‘मज्जातंतू’ बिघडतात असे म्हणायचे नव्हते. त्यांची चौकट वात, पित्त, कफ यांची होती. प्रमेहाचे त्यांनी वीस प्रकार मानले आणि मधुमेह हा वातज प्रकार ठरवला. आजच्या जाहिरातींत मात्र ‘मज्जातंतूंच्या रक्षणासाठी प्राचीन औषध’ अशी भाषा सर्रास दिसते. प्राचीन वैद्यांनी वनस्पती सांगितल्या त्या प्रमेहासाठी. लक्षण त्यांनी अचूक टिपले, पण त्याचे कारण म्हणून मज्जातंतूकडे बोट दाखवले ते फार पुढच्या काळाने. इतिहास वाचताना या दोन गोष्टींची गल्लत होऊ देता कामा नये.

५/
त्या वनस्पती कोणत्या? वाग्भटाच्या अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात रोगवार सर्वोत्तम औषधांची एक यादी आहे. तीत प्रमेहासाठी आवळा आणि हळद ही जोडी येते. सुश्रुताच्या सालसारादी गणात असन येतो. असन म्हणजे आपला बिबळा. विदर्भात त्याला बिजा म्हणतात आणि औषधांच्या बाजारात विजयसार. त्याच गणात मेषशृंगीचेही नाव आहे. तिची ओळख आज बहुधा गुडमार या वेलीशी लावली जाते, पण त्याबाबत विद्वानांत मतभेद आहेत. ही सारी झाडे महाराष्ट्राच्या परिचयाची आहेत. हळद आणि आवळा तर घराघरांत असतात.

६/
सुश्रुताने केवळ औषधेच सांगितली असे नाही. चिकित्सास्थानाच्या अकराव्या अध्यायात निर्धन प्रमेही माणसासाठी एक विलक्षण उपचार आहे : भिक्षेवर राहावे, एका गावी एकच रात्र मुक्काम करावा आणि शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालावे. कमी खाणे आणि भरपूर चालणे, हा सल्ला आजही तितकाच खरा आहे. पण त्या उपदेशात आणखी एक अट आहे. पायात पादत्राण आणि डोक्यावर छत्री नसावी. ज्याचे तळवे बधिर झाले आहेत त्याने अनवाणी चालणे, हे आजच्या ज्ञानानुसार पाय गमावण्याचे आमंत्रण आहे. एकाच वचनातील अर्धा भाग टिकला, अर्धा टिकला नाही. परंपरा वाचावी ती अशी, वाक्यावाक्याने पारखून.

७/
याच ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात मधुमेहाची चिकित्सा आहे आणि त्यात तुवरकाच्या तेलाचे सविस्तर वर्णन येते. हे वृक्ष पश्चिम समुद्राच्या किनारी होतात, त्यांची फळे पावसाळ्यात गोळा करावीत, असे सुश्रुत सांगतो. आपण त्या झाडाला कडू कवठ म्हणतो. कोकण आणि पश्चिम घाटात ते आजही आहे. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की हे तेल सुश्रुताने दोन रोगांसाठी सांगितले आहे : मधुमेह आणि कुष्ठ. हे दोन्ही रोग माणसाचे पाय बधिर करतात. ही जोडी मनात ठेवा. धाग्याच्या शेवटी तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

८/
युरोपात मधुमेह आणि मज्जातंतू यांचे नाते उलगडायला बराच काळ लागला. इ.स. १७७६ मध्ये मॅथ्यू डॉब्सन यांनी मूत्रातील गोडी साखरेमुळे असते हे दाखवले. १७९८ मध्ये जॉन रोलो या लष्करी वैद्याने मधुमेही रुग्णांच्या पायांतील वेदनांची नोंद केली. तरीही मज्जासंस्थेतील बिघाडामुळे मधुमेह होतो, असाच समज पुढे चालू राहिला. १८६४ मध्ये मार्शाल द कॅल्व्ही या फ्रेंच वैद्याने बाण उलटा फिरवला : आधी मधुमेह, त्याच्या परिणामी मज्जातंतूंचा ऱ्हास. येथून पुढे ‘मज्जातंतूंचे रक्षण’ ही कल्पना निदान शक्य झाली.

९/
त्याच सुमारास मुंबईत देशी वनौषधींची शिस्तबद्ध नोंद सुरू झाली होती. डॉ. सखाराम अर्जुन (१८३९–१८८५) यांनी १८७९ मध्ये मुंबईच्या बाजारातील औषधी द्रव्यांची सूची प्रसिद्ध केली. रखमाबाईंचे हे सावत्र वडील. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आठ संस्थापकांत दोन भारतीय होते, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. पुढच्या पिढीतील डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर (१८४९–१९१७) यांनी भारतीय औषधी वनस्पतींवर महाग्रंथ रचला. बामनदास बसू यांच्यासह केलेले हे काम कीर्तिकरांच्या निधनानंतर, १९१८ मध्ये छापून आले.

१०/
या नोंदींचे महत्त्व काय? बाजारात एकाच नावाने चार वनस्पती विकल्या जातात आणि एकच वनस्पती चार नावांनी. पुडीत नेमके काय आहे हे ठरले नाही, तर तिच्या गुणाची चर्चाच निरर्थक होते. मेषशृंगीचे उदाहरण वर आलेच आहे. सखाराम अर्जुन आणि कीर्तिकर यांनी लोकांतील नाव, शास्त्रीय नाव, झाडाचा उपयोगी भाग आणि प्रचलित वापर यांची सांगड घातली. गुणाचा दावा करण्याआधी ओळख पक्की करायची, हा धडा या मराठी वैद्यांनी दीडशे वर्षांपूर्वी गिरवला होता.

११/
आता गुडमार. हिचे पान चावून साखर तोंडात टाकली की साखरेची चव वाळूसारखी लागते; गोडी काही काळ कळतच नाही. कॅप्टन एजवर्थ या अधिकाऱ्याचा हा अनुभव १८४७ मध्ये छापला गेला. डेव्हिड हूपर यांनी १८८७ मध्ये पानांतून तो गोडीनाशक घटक वेगळा केला. जिभेवरची गोडी मारणारी वेल रक्तातली गोडीही मारत असेल, हा तर्क मोहक होता. लोकांत तो रुजलेलाच होता. पण जिभेवर घडते तेच रक्तात घडेल याची हमी कोणी दिली नव्हती. ती तपासावी लागणार होती.

१२/
तपासाची निकड इन्शुलिनने वाढवली. टोरांटो येथे ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले गेले आणि मधुमेहाचा अर्थच बदलला. मात्र हे औषध परदेशी, महाग आणि रोज टोचून घ्यायचे. तोंडाने घेता येईल असे स्वस्त देशी औषध सापडले तर? १९२८ मध्ये कलकत्त्याला रामनाथ चोप्रा, जे. पी. बोस आणि एन. आर. चॅटर्जी यांनी गुडमारची परीक्षा रुग्णांवर घेतली. रुग्णांच्या साखरेवर उपयुक्त परिणाम आढळला नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

१३/
दोनच वर्षांनी, १९३० मध्ये, मुंबईचा अहवाल आला. डॉ. के. एस. म्हसकर आणि हाफकिन संस्थेतील फादर जाँ फर्डिनांड कायस या जेसुइट संशोधकाने गुडमारवर स्वतंत्र प्रबंध प्रसिद्ध केला. प्रयोगातील प्राण्यांमध्ये पानांमुळे रक्तशर्करा उतरते आणि हे कार्य बहुधा शरीराच्या स्वतःच्या इन्शुलिनला चालना मिळाल्याने होते, असे त्यांचे मत पडले. कलकत्ता नाही म्हणते, मुंबई हो म्हणते. एक निष्कर्ष माणसांवरचा, दुसरा प्राण्यांवरचा. पुढच्या शंभर वर्षांत वनौषधींच्या संशोधनात हीच तफावत पुन्हा पुन्हा दिसणार होती.

१४/
म्हसकर आणि कायस यांची दुसरी कामगिरी अधिक बोलकी आहे. गावोगावी सर्पदंशावर दिल्या जाणाऱ्या शेकडो वनस्पती आणि त्यांची मिश्रणे या दोघांनी तपासली आणि १९३१ मध्ये अहवाल दिला. विषावर खरा उतारा ठरावी अशी एकही वनस्पती त्यांना आढळली नाही. गुडमारच्या बाजूने लिहिणाऱ्याच लेखण्यांनी हा निर्णय लिहिला, म्हणून त्यांच्यावर देशी औषधांच्या द्वेषाचा आरोप करता येत नाही. ज्या कसोटीने होकार दिला, त्याच कसोटीने नकारही दिला. अशा माणसांच्या होकाराला किंमत असते.

१५/
राष्ट्रीय चळवळीच्या त्या काळात देशी वैद्यक हा स्वाभिमानाचा विषय होता. अशा वातावरणात १३ फेब्रुवारी १९२१ रोजी गांधीजींनी दिल्लीत हकीम अजमल खान यांच्या तिब्बी महाविद्यालयाचे उद्घाटन केले. आधुनिक वैद्यकाचे ते कठोर टीकाकार होते, तरी त्या भाषणात त्यांनी आधुनिक शास्त्रज्ञांच्या संशोधनवृत्तीला आदरपूर्वक वंदन केले. त्यांची तक्रार त्या वृत्तीच्या दिशेविषयी होती. देशी वैद्यांत ती शोधकवृत्ती दिसत नाही, ही खंत त्यांनी वेळोवेळी बोलून दाखवली. पंधरा वर्षांनी, १९३६ मध्ये, हेच गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. त्या गावाचे पुढे सेवाग्राम झाले.

१६/
वनस्पतीपासून मधुमेहाचे औषध कधी निघालेच नाही का? निघाले, आणि जगातील सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या औषधांपैकी ते एक आहे. युरोपात गॅलेगा नावाची एक शेंगवर्गीय वनस्पती उगवते. तिच्यातील गॅलेजिन हे द्रव्य साखर उतरवत असे, पण विषारी होते. त्याच्याशी साधर्म्य असलेला मेटफॉर्मिन हा रेणू १९२२ मध्ये डब्लिनमध्ये तयार झाला आणि १९५७ मध्ये जाँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरने त्याचा मधुमेहातील उपयोग प्रसिद्ध केला. पानांपासून गोळीपर्यंत पोहोचायला विषारी भाग वगळावा लागला, मात्रा ठरवावी लागली आणि माणसांवर दीर्घ परीक्षा घ्यावी लागली.

१७/
या यशालाही एक पुस्ती आहे. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतल्यास काही रुग्णांत ब-१२ जीवनसत्त्व कमी होते, आणि त्या कमतरतेनेही पाय बधिर होतात. ब-१२ प्रामुख्याने प्राणिज आहारातून मिळते, त्यामुळे शाकाहारी घरांत हा धोका अधिक. म्हणजे पायाला मुंग्या येतात त्यामागे केवळ साखर असेल असे नाही. रक्ताच्या एका साध्या तपासणीने हे कळते आणि ही कमतरता भरून काढता येते. झाडपाल्याच्या शोधात हे तपासायचे राहून गेले तर बरा होऊ शकणारा विकार तसाच वाढत राहतो.

१८/
आपल्या बिज्याकडे वळू. त्याच्या लाकडाच्या पेल्यात रात्री पाणी ठेवायचे आणि रंग उतरलेले ते पाणी सकाळी प्यायचे, हा प्रघात विदर्भात अनेकांच्या ओळखीचा आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने या झाडाची अनेक केंद्रांत परीक्षा घेतली आणि १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. नव्याने निदान झालेल्या, सौम्य मधुमेहाच्या ९७ रुग्णांपैकी ६७ जणांची साखर बारा आठवड्यांत आटोक्यात आली. निष्कर्ष आशादायक होता. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि बारा आठवड्यांत मज्जातंतूंविषयी काहीच ठरवता येत नाही. साखर उतरणे आणि मज्जातंतू वाचणे यांत अनेक वर्षांचे अंतर असते.

१९/
हळदीला वर्धा जिल्ह्यात खास स्थान आहे. समुद्रपूर तालुक्यातील वायगावची हळद कुरकुमिनच्या अधिक प्रमाणासाठी ओळखली जाते आणि २०१६ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याआधी हळदीची आणखी एक लढाई गाजली होती. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि लेख पुढे ठेवून त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. त्या विजयाने एक गोष्ट सिद्ध झाली : हे ज्ञान आपल्याकडे आधीपासून होते. हळद कोणत्या रोगावर किती गुणकारी आहे, हा प्रश्न वेगळा होता आणि तो वेगळाच राहिला.

२०/
मज्जातंतूंविषयीचा प्रश्न प्रयोगशाळेत थेट विचारला गेला तो गेल्या काही दशकांत. चंडीगडच्या पंजाब विद्यापीठातील संशोधकांनी २००६ मध्ये मधुमेही उंदरांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला; कुरकुमिन दिल्यावर उष्णतेने होणारी तीव्र वेदना कमी झाली. पुण्यात भारती विद्यापीठाच्या पूना कॉलेज ऑफ फार्मसीमध्ये डॉ. सुभाष बोधनकर यांच्या गटाने नारिंजिन तपासले. हे द्रव्य लिंबूवर्गीय फळांत, विशेषतः ग्रेपफ्रूटमध्ये असते. मधुमेही उंदरांच्या मज्जातंतूंना त्याचा लाभ होतो, असा त्यांचा २०१२ मधील निष्कर्ष होता. महाराष्ट्रात या विषयावर झालेल्या कामाचा हा एक ठळक नमुना.

२१/
अशा प्रयोगाची रीत समजून घ्यावी. स्ट्रेप्टोझोटोसिन नावाचे द्रव्य टोचून उंदराच्या स्वादुपिंडातील इन्शुलिन करणाऱ्या पेशी नष्ट करतात. काही आठवड्यांत मज्जातंतू बिघडू लागतात. मग काही उंदरांना अर्क देतात, काहींना देत नाहीत. गरम पृष्ठभागावरून पंजा किती वेळात उचलला जातो, तंतूतून संदेश किती वेगाने जातो, हे मोजतात. रीत उत्तम आहे. पण उंदराचा रोग काही आठवड्यांचा, माणसाचा वीस वर्षांचा. उंदराचा तंतू काही सेंटिमीटरचा, माणसाचा मीटरभर. शिवाय माणसाने गिळलेले कुरकुमिन रक्तात फारच थोडे पोहोचते. उंदरांना वाचवणारी कितीतरी औषधे माणसांत निष्फळ ठरली आहेत. त्यांत नामांकित कंपन्यांची रासायनिक औषधेही आहेत.

२२/
एका वनस्पतिजन्य द्रव्याने मात्र माणसांतील कसोटी पार केली, आणि ते चरकाच्या कोणत्याच यादीत नाही. मिरची! ती अमेरिका खंडातून पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात भारतात आली. आज शेजारच्या नागपूर जिल्ह्यातील भिवापूरच्या मिरचीलाही भौगोलिक मानांकन आहे. मिरचीतील कॅप्सेसिन कोणत्या ग्राहकावर काम करते हे डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये दाखवले. २०२१ चे नोबेल त्यांना आर्डेम पॅटापुटियन यांच्यासह मिळाले. आठ टक्के कॅप्सेसिनच्या पट्टीला मधुमेही पायांच्या वेदनेसाठी अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली. पण ही पट्टी वेदना शमवते. झिजलेला तंतू वाचवत नाही. आणि ती डॉक्टरच लावतात. घरी मिरची चोळणे म्हणजे बधिर कातडी भाजून घेणे.

२३/
मग मज्जातंतूंचे रक्षण खरोखर कशाने होते? १९९३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांना वर्षानुवर्षे तपासले होते. ज्यांची साखर काटेकोर नियंत्रणात ठेवली, त्यांच्यात मज्जातंतूंचा विकार उद्भवण्याचे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी घटले. प्रौढपणी होणाऱ्या दुसऱ्या प्रकारात हा लाभ इतका मोठा दिसत नाही, हेही सांगितले पाहिजे. तरी आजवर इतका भक्कम पुरावा कोणत्याही अर्काच्या मागे नाही. आणि जेथे संवेदना आधीच गेली आहे, तेथे पाय वाचवण्याची विद्या वेगळीच आहे. ती शिकायला पुन्हा वर्ध्यालाच यावे लागते.

२४/
१९३६ मध्ये विनोबांच्या प्रेरणेने मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठसेवेचे काम उभे केले. सेवाग्राममध्ये संस्कृत पंडित परचुरेशास्त्री कुष्ठाने जर्जर होऊन आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतःच्या हाताने त्यांना मालिश केली. १९५१ मध्ये गांधी स्मारक कुष्ठ प्रतिष्ठान वर्ध्यातच स्थापन झाले. कुष्ठरोग्याचे पाय झडतात ते रोगामुळेच, असा समज तेव्हा जगभर होता. खरी गोष्ट अशी की बधिर पायाला जखम कळत नाही, माणूस तिच्यावर चालत राहतो आणि पाय झिजत जातो.

२५/
हे स्पष्टपणे मांडणाऱ्यांत अग्रणी होते डॉ. पॉल ब्रँड. तमिळनाडूतील कोल्ली डोंगरांत जन्मलेले हे शल्यचिकित्सक १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात होते. बधिर पायासाठी मऊ, सच्छिद्र रबराच्या तळव्याची चप्पल तेथे विकसित झाली. भारतातील कुष्ठसेवेत ती एमसीआर चप्पल म्हणून रुळली. १९६० च्या दशकात ब्रँड अमेरिकेतील कार्विलच्या कुष्ठ रुग्णालयात गेले आणि तेथे त्यांच्या ध्यानी आले की मधुमेह्यांचे पाय अगदी याच कारणाने जात आहेत. कुष्ठरोग्यांसाठी घडलेली विद्या मधुमेह्यांच्या कामी आली.

२६/
तळव्याला टेकवून संवेदना तपासायचा नायलॉनचा बारीक तंतू आज मधुमेहाच्या दवाखान्यांत दिसतो. १० ग्रॅम दाबाचा तो तंतू कळला नाही तर पाय धोक्यात, ही मर्यादाही कार्विलच्याच संशोधकांनी १९८६ मध्ये कुष्ठ आणि मधुमेह या दोन्ही रोगांच्या रुग्णांना तपासून मांडली. सुश्रुताने एकाच तेलाच्या निमित्ताने एकत्र आणलेले दोन रोग असे पुन्हा शेजारी आले. आणि ते तेल? कडू कवठाच्या कुळातील चौलमुग्रा तेल एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जगभर कुष्ठावर दिले जात होते. १९४१ मध्ये कार्विलमध्येच सल्फोन औषधाचा वापर सुरू झाला आणि काही वर्षांत ते तेल मागे पडले. कोणी त्याचा अपमान केला नाही. अधिक चांगले औषध सापडले, इतकेच.

२७/
शेवटी पुन्हा नाचणगावच्या वाटेवर. आठवडी बाजारात किंवा फोनच्या पडद्यावर ‘नसांना नवजीवन’ देणारा अर्क मिळेल. अमेरिकेतील बॉस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांच्या तपासणीचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले; त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. शिसे आणि आर्सेनिक स्वतःच मज्जातंतू बिघडवतात. ज्यासाठी पुडी घ्यायची तेच तिच्याने गमवायचे, असे घडू शकते. याहून मोठे नुकसान मात्र वेळेचे होते. अर्काच्या भरवशावर सहा महिने गोळ्या बंद ठेवल्या तर झिजलेला तंतू परत येत नाही.

२८/
म्हणून घरात मधुमेही माणूस असेल तर आज रात्री एवढे करा. त्यांचे तळवे उजेडात पाहा, बोटांच्या बेचक्यांसकट. काटा, फोड, भेग दिसली तर दवाखाना गाठा. चप्पल घालण्यापूर्वी ती झटकून आत हात फिरवायला सांगा. शेतातच काय, अंगणातही अनवाणी चालू देऊ नका. पाय शेकायला गरम पाणी देऊ नका. औषधे बंद करू नका. काढा किंवा अर्क घेत असतील तर डॉक्टरांना ते सांगा. चरकाने बधिरतेची नोंद केली ती रुग्णाकडे लक्षपूर्वक पाहून. आपण निदान तेवढे पाहणे तरी चालू ठेवू.

(धागा समाप्त. आपल्या भागात बिबळा, गुडमार किंवा कडू कवठ यांना कोणत्या नावाने ओळखतात, ते गावाच्या नावासह जरूर लिहा. नावांची नोंद हेही इतिहासाचेच काम आहे.)